निळा आणि स्थिर

"निळा आणि स्थिर. एवढंच लक्षात ठेव, आई. दिवा निळा आणि स्थिर दिसला की समजायचं, मी बघतोय. बाकीच्या भानगडीत पडू नकोस, उगाच गोंधळशील."

गुरूने कानात सांगितलेला मंत्र माणूस अर्थ न विचारता जपतो, तसे ऋषिकेशचे हे शब्द पुष्पावतीबाईंनी जपले होते. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला तो स्टुलावर चढला आणि देवघराच्या समोरच्या भिंतीवर त्याने लिंबाएवढा पांढरा कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला एक काळी बाहुली, आणि बाहुलीच्या खाली साबुदाण्याच्या दाण्याएवढा दिवा. बटण दाबल्यावर तो आधी लाल झाला, मग थोडा वेळ निळा फडफडला, आणि मग शांत उभा राहिला. ऋषिकेश स्टुलावरून उतरला आणि मांडीला हात पुसत म्हणाला, "झालं. आता मी ठाण्यात असलो तरी इथंच आहे."

असली यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतच तो कामाला होता. त्या दिवाळीत फराळाला आलेल्या शेजाऱ्यांना त्याने मोठ्या रंगात येऊन सांगितलं होतं, की एवढ्याशा दिव्यावरसुद्धा त्यांच्याकडे आठवडाभर चर्चा चालते. रंग कुठला ठेवायचा, तो किती मंद ठेवायचा, लुकलुकला तर किती सावकाश लुकलुकायचा. "लाल ठेवला तर माणूस दचकतो. हिरवा ठेवला तर बघतच नाही. निळा कसा, विश्वासाचा वाटतो." शेजारचे जोशीमास्तर चकलीचा तुकडा मोडत म्हणाले होते, "अरे, मग विश्वासाला रंगही तुम्हीच देता म्हणायचं!" सगळे हसले. पुष्पावतीबाई सगळ्यांत जास्त हसल्या. मुलगा बोलत होता, आणि चार माणसं ऐकत होती.

दिवा बसवण्यामागे एक करार होता. नवरा, कांतीलाल, गेल्यापासून बाई जव्हारच्या बाजारपेठेतल्या त्या घरात एकट्या राहत. पुढचं कापडाचं दुकान भाड्याने दिलेलं, मागच्या तीन खोल्या त्यांच्या. त्या वर्षीच्या श्रावणात न्हाणीत पाय घसरून मनगट मोडलं, आणि ऋषिकेशने धोशा लावला, ठाण्याला चल. बाई चातुर्मासात परान्न घेत नसत. दुसऱ्याच्या चुलीवरचं अन्न नाही, दुसऱ्याच्या हातचं पाणीही नाही. लग्न होऊन आल्यापासूनचं व्रत ते. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ते कसं निभावणार? त्या म्हणाल्या, "मी इथंच बरी." ऋषिकेश म्हणाला, "मग मला दिसत राहा. दिवा चालू आहे तोवर तू इथं. तो बंद पडायला लागला की मी न्यायला येणार."

न बोललेली गोष्ट वेगळीच होती, ती दोघांनाही ठाऊक होती. ठाण्याच्या त्या स्वयंपाकघरात योगिता होती.

योगिता खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली, नर्स झाली, ठाण्याच्या इस्पितळात लागली आणि तिथंच ऋषिकेशला भेटली. लग्नाला कांतीलालनी होकार दिला, पुष्पावतीबाईंनी नकार दिला नाही. एवढाच काय तो फरक. बाई तिला कधी वावगं बोलल्या नाहीत. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. फक्त योगिता घरी आली की देवघराच्या उंबऱ्यापाशी एक पाट आडवा ठेवलेला असे. पाट काही बोलत नसे. योगिताही काही बोलत नसे. ती बाहेरूनच हात जोडायची, चहा आपला आपण करून प्यायची आणि कप धुऊन वेगळा पालथा घालायची.

तर असा तो निळा दिवा. सुरुवातीला बाई त्याच्यासमोरून जाताना पदर सावरायच्या, पाहुण्यासमोरून जावं तसा. मग सवय झाली, आणि सवयीचं कधी प्रेम झालं ते कळलं नाही. सकाळी तुळशीला पाणी घालून आत आल्या की आधी देवाला नमस्कार, मग मागे वळून दिव्याकडे नजर. निळा, स्थिर. म्हणजे लेक बघतोय. संकष्टीला मोदक केले की ताट वर धरून दाखवायच्या. "तुझ्या आवडीचे आहेत हो." घरातली विटकी पातळं त्यांनी बोहारणीला देऊन टाकली, बघणाऱ्याला आई गबाळी दिसू नये. रविवारी त्याचा फोन यायचा, तोही बसस्टँडवर उभ्याने बोलल्यासारखा. "बरी आहेस ना? ठेवू मग?" पण बाईंना त्याचं काही वाटत नसे. जो आठवडाभर बघतो, तो रविवारी वेगळं काय विचारणार?

भांडी घासायला येणाऱ्या सकूला मात्र तो दिवा मुळीच खपत नव्हता.

"काकी, हा तुमचा निला डोला मना नाय आवडं," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "येताजाता बगत रवतो. उद्या तुमचा पोर बोलंल, सकू कपबशा फोडते."

"फोडतेसच की."

"फोडतां, पन त्याला कशाला दाखवायचां?"

ज्येष्ठात ऋषिकेशचा वाढदिवस होता. त्याला यायला जमलं नाही. बाईंनी तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी घेतली, सकूने स्टूल धरलं, आणि स्टुलावर उभं राहून त्यांनी कॅमेऱ्याला ओवाळलं. सकू स्टूल धरून हसत हसत म्हणाली, "गप रव रे देवा, काकीना येड लागलां." ओवाळताना दिवा जरासा हलल्यासारखा वाटला. निरांजनाची ज्योत त्यात पडली असेल, असं बाईंना वाटलं. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसत नव्हतं.

कारण दिवा हलणं हे बाईंच्या लेखी चांगलं लक्षण नव्हतं.

दिवे त्यांना कळायचे. आयुष्य समयांच्या सोबत गेलेलं. तेल पुरेसं असलं, वात नीट वळलेली असली, वाऱ्याला आडोसा असला, की ज्योत उभी राहते. ती नाचायला लागली की काहीतरी बिनसलेलं असतं. तेल संपत आलंय, काजळी धरलीय किंवा दार उघडं राहिलंय. तेव्हा हातातलं काम टाकून उठायचं, काजळी झाडायची, वात पुढे सारायची. फडफडणाऱ्या दिव्याकडे बघत बसणं म्हणजे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी न घालण्यासारखं. विजेच्या दिव्यांचंही तेच. कांतीलाल नेहमी सांगायचे, ट्यूब लुकलुकली की बटण बंद, नाहीतर जळालीच म्हणून समज. जव्हारची वीज तशी लहरीच. आणि ऋषिकेशनेही शेवटी काय सांगितलं होतं? निळा आणि स्थिर.

म्हणून तो निळा दिवा लुकलुकायला लागला की त्या लगबगीने उठायच्या. बहुतेक दुपारीच व्हायचं ते. जेवणाच्या सुमाराला, पानावर बसावं म्हटलं की दिवा आपला मंद होतोय, उजळतोय, मंद होतोय, जसा कुणी धाप न लागू देता सावकाश श्वास घेतोय. बाई कॅमेऱ्यापाशी जायच्या, हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद करायच्या, रामरक्षेतले दोन श्लोक म्हणायच्या आणि बटण पुन्हा चालू करायच्या. लाल, मग थोडी फडफड, मग निळा. आणि काय नवल, स्थिर! दर वेळी हमखास. त्यांना मनातून धन्य वाटायचं. एवढं मोठं यंत्र, पण त्यालाही काजळी झाडणारं कुणीतरी लागतंच.

"नाचतोय तर नाचू द्या ना," सकू एकदा म्हणाली. "तुमी कशाला सारख्या उठता? जेवा ना जरा."

"बंद पडला तर ऋषी न्यायला येईल मला."

"मंग चांगलांच ना! पोर येल तरी."

बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. काही काही वेळा सकू फार बोलायची.

आश्विन आला. घट बसले. देवीपुढे अखंड दीप लागला. नऊ दिवस तो तेवता ठेवायचा, म्हणजे झोप अशी नाहीच. डोळा लागतो न लागतो तोच उठून तेल बघायचं. त्यात बाईंचा उपास, दूध आणि एखादं फळ. दोन्ही बाजूंना दोन दिवे, देवीपुढे सोनेरी आणि समोर निळा, आणि मध्ये त्या. एकाला दुसऱ्याची सोबत झाली, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या स्वतःशीच हसल्या.

अष्टमीची माळ ओवत होत्या. झेंडूची फुलं सारखी हातातून निसटत होती. सुईच्या भोकातून दोरा जाता जाईना. मान वर केली तर निळा दिवा लुकलुकत होता. अगदी आजच्याच दिवशी! त्या भिंतीला धरून उठल्या. डोळ्यांपुढे काळं आलं, ओसरलं. त्या चालत गेल्या, सरळ त्या काळ्या बाहुलीकडे बघत हात पुढे केला, बटण बंद. श्लोक. बटण चालू. लाल, फडफड, निळा. स्थिर.

"हं," त्या म्हणाल्या, आणि देवीच्या दिव्यात तेल घालायला वळल्या.

तेलाची बुधली हातातच राहिली. जमीन वर आली, का त्या खाली गेल्या, कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा गाल फरशीवर होता, पदर तेलात भिजला होता आणि उजवी मांडी हलवता येत नव्हती. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. हाक मारून पाहिली. दुकानात पोचेल एवढा आवाज त्यांच्याकडे कधीच नव्हता.

पण घाबरल्या नाहीत. समोर भिंतीवर दिवा होता. निळा आणि स्थिर. इतका स्थिर की त्यावरून पाण्याचा थेंब ओघळू नये. त्यांनी हात वर केला, बोटं हलवली. "ऋषी, पडले रे मी. घाई करू नकोस. पण कुणाला तरी पाठव." मग हात दमला, तो खाली ठेवला. तो बघतोय. मीटिंगमध्ये असेल, आत्ता बाहेर येईल, फोन लावेल. ऊन खिडकीतून आत आलं, देवीच्या पायांपाशी गेलं, तिथून भिंतीवर चढलं. देवीपुढची ज्योत नाचायला लागली. हाताच्या अंतरावर तेल सांडलेलं, आणि दिव्यात घालायला थेंब नाही. ज्योत एकदा उंच झाली, तिने इकडे तिकडे पाहिल्यासारखं केलं, आणि शांत झाली. समोरचा निळा मात्र तसाच होता. त्याला काहीच झालं नव्हतं.

संध्याकाळी सकू आली. तिने बोंब मारून दुकानातली माणसं गोळा केली, डॉक्टर आणला. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. मीठ-साखरेचं पाणी सकूने चमच्याने पाजलं. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. थोडी हुशारी आल्यावर त्या म्हणाल्या, "ऋषीनेच पाठवलं ना तुला?"

"मना कोन पाठवंल?" सकू म्हणाली. "मी भांडी घासाया आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋषिकेश गाडी घेऊन आला. बरोबर योगिता. तो आला तोच तावातावाने. आधी राउटर बघितला, मग कॅमेरा, मग मोबाईलवर काहीतरी. बाई कॉटवर पडल्या पडल्या त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

"कॅमेरा चालू, नेट चालू, लाइट चालू," तो बोटांवर मोजत म्हणाला. "आणि अख्खी दुपार आई जमिनीवर पडलेली कुणाला दिसू नये? एकच काम दिलं होतं, योगिता. एकच."

योगिता देवघराच्या बाहेर उभी होती. पाटाच्या अलीकडे.

"तिला कशाला बोलतोस?" बाई हळूच म्हणाल्या. "तू मीटिंगमध्ये असशील. तू तरी सारखा सारखा किती बघणार?"

"मी?" ऋषिकेश वळला. "अगं, मी कुठे बघतो? माझ्या मोबाईलवरून ते मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. दिवसभर टिंग टिंग. हिच्या मोबाईलवर आहे सगळं."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "पण दिवा होता ना. निळा, स्थिर."

"स्थिर म्हणजे नेट चालू आहे, आई. बाकी काही नाही. कुणी उघडून बघायला लागलं की तो लुकलुकतो. म्हणजे घरातल्या माणसाला कळावं, की कुणीतरी बघतंय. कायदाच आहे आमच्याकडे तसा, चोरून बघायचं नाही."

बाहेर बाजारात कुणीतरी झेंडूचा भाव ओरडत होतं.

"तू म्हणाला होतास," बाई म्हणाल्या, "स्थिर असला की मी बघतोय."

"तुला सोपं जावं म्हणून म्हणालो. वापरणाऱ्याला जास्त सांगितलं की तो गोंधळतो. आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व आहे ते." मग तो पुन्हा योगिताकडे वळला. "पण तू का नाही बघितलंस काल?"

"बघितलं," योगिता म्हणाली. तिचा आवाज इस्पितळातल्या बायकांचा असतो तसा होता, कोरडा आणि खालचा. "माळ ओवत होत्या. हात थरथरत होते, चेहरा पांढरा पडला होता. मी चित्र मोठं करून बघत होते, तेवढ्यात आई उठल्या आणि बंद केलं. रोज करतात. मी उघडलं की त्या बंद करतात. काल म्हटलं, नको तर नको. पुन्हा नाही उघडलं."

"रोज बंद करतेस?" ऋषिकेश आईकडे बघून हसला, लहान मुलाची खोडी सापडल्यासारखा. "का गं?"

बाईंना एकदम वाढदिवस आठवला. स्टूल, तबक, डोळ्यांतलं पाणी. "आणि तुला ओवाळलं होतं मी," त्या ऋषिकेशला म्हणाल्या, "ज्येष्ठात. ते तरी?"

"मला? कधी?"

"ते मी पाहिलं," योगिता म्हणाली. "तुमच्या हातात तबक होतं. म्हणून बंद करता आलं नाही तुम्हाला."

ऋषिकेशने मग फार वेळ लावला नाही. हिशेबी माणूस तो. महिनाअखेर टेम्पो येईल, मागच्या खोल्याही दुकानवाल्याला देऊन टाकू, तो कधीचा मागतोच आहे. बाईंनी विचारलं, "देव?" तर म्हणाला, "घे ना देव. पण त्यातले छोटे छोटे घे." देवीपुढचा दिवा शांत झाला होता, त्याबद्दल बाई पुटपुटल्या तेव्हा तो म्हणाला, "लाव ना परत, त्यात काय." बाईंनी मान हलवली. अकरा महिने ज्याच्यासाठी घर लखलखीत ठेवलं, नव्या साड्या नेसल्या, त्याने त्यातलं एक पातळ बघितलं नव्हतं. मग इथं काय आणि ठाण्याला काय. "येईन," त्या म्हणाल्या.

तो दुकानवाल्याशी बोलायला पुढे गेला. जाताना स्टुलावर चढून त्याने कॅमेरा काढला आणि खिशात घातला. "आता इथं कशाला? दुसरीकडे लागेल." भिंतीवर दोन भोकं राहिली.

योगिताने ब्लडप्रेशरचं यंत्र काढलं आणि बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला. तिने याआधी त्यांना कधी हात लावला नव्हता. तिची बोटं गार होती.

"मला वाटायचं, व्होल्टेज कमी होतं," बाई म्हणाल्या. "दिवा नाचला की विझायला आलाय, असंच मला…"

"हं."

"खरंच."

"पहिल्यांदा मलाही वाटलं, नेट गेलं. मग एकदा तुम्ही सरळ माझ्याकडे बघत आलात, हात पुढे केलात आणि अंधार. मग काय समजायचं राहिलं?" योगिता यंत्राच्या आकड्यांकडे बघत होती. "मी म्हटलं, पाट तरी बरा होता."

"मला माहीत असतं, की तू आहेस, तर मी…"

वाक्य तिथंच अडलं. बाई खोटं बोलत नसत, तेही एक व्रतच होतं त्यांचं. माहीत असतं तर बटण बंद केलं नसतं? छातीवर हात ठेवून तसं म्हणता येईना. योगिता क्षणभर थांबली, पुढचं येतंय का ते बघितलं, आणि पट्टा सोडवला.

"रोज का बघायचीस मग?" बाईंनी विचारलं.

"डबा खाताना. सासूबाई म्हणून नाही, आता खरंच सांगते. माझी आई पाड्यावर एकटी असते. भाऊ भिवंडीला. तिच्याकडे मोबाईल आहे, पण टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही, आणि तिचे पाय सुजलेत. मला काही तिला असं बघता येत नाही. तुम्ही पानावर बसलेल्या दिसलात की वाटायचं, तीपण जेवली असेल." ती यंत्र पेटीत भरायला लागली. "तेवढाच घास सुखाने जायचा. तोही तुम्ही…" तिने पेटी बंद केली. "जाऊ दे. दसऱ्याला जाणार होते तिच्याकडे. ती रजा इथं लागली."

बाईंना कुणी आयुष्यात असं बोललं नव्हतं. राग आला असता तर बरं झालं असतं. त्या कॉटवर सरकत सरकत उठून बसल्या.

"मी जाऊन बघते तिला. टेम्पो यायच्या आधी."

योगिता पहिल्यांदाच हसली. ते हसू बघवत नव्हतं. "तुम्ही? माझ्या आईकडे, फागीकडे?"

"खोडाळ्याची एसटी आहे की."

"नका जाऊ. तुम्ही गेलात की ती आधी तांब्या आणेल. घासूनपुसून, कडीचा, एकच आहे तिच्याकडे. तुम्ही म्हणाल, माझं व्रत आहे. मला सवय झाली आई, एवढी वर्षं. तिला नाहीये. ती तांब्या घेऊन उभी राहील आणि तिला कळणारच नाही तो ठेवायचा कुठे."

"पाणी घेईन मी."

"आणि भाकर? नागलीची थापेल ती. न जेवता सोडणार नाही."

चातुर्मास संपायला महिना होता. बाईंनी देवीकडे पाहिलं. माळा लोंबत होत्या, खाली काळी वात.

"भाकरही खाईन."

"बघा हं. देवासमोर बोलताय."

"देवासमोरच बोलतेय."

योगिताने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. "चहा ठेवू तुझ्यासाठी?" बाईंनी विचारलं. "नको," ती म्हणाली, "उशीर होतोय," आणि पेटी उचलून बाहेर गाडीत जाऊन बसली. काच खाली केली नाही.

दसरा झाला. सोनं द्यायला जोशीमास्तर येऊन गेले, त्यांनी भिंतीवरची भोकं बघितली. बाई भिंत धरून चालू लागल्या, मग काठी धरून. एका सकाळी नेहमीपेक्षा लवकर नाहणं उरकलं, तुळशीला पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला. पिशवीत एक लुगडं, गूळ, सुजलेल्या पायाला लावायचं तेल. पाण्याची बाटली भरलेली होती. ती त्यांनी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली, आणि मग मोरीत रिकामी करून ओट्यावर पालथी घातली.

सकू दारात आली. "काकी, डॉक्टरनी निजाया सांगितलां ना? काठी घेऊन कां निंगाल्या?"

"खोडाळ्याला."

"देवीला?"

"विहीणबाईंकडे."

सकूच्या हातातली राखेची वाटी तशीच राहिली. ती काहीतरी बोलणार होती, नेहमीसारखं. पण बाईंचा चेहरा बघून ती वाटेतून बाजूला झाली. पुष्पावतीबाईंनी दार ओढून घेतलं, काठी पुढे टाकली, आणि बाजारपेठेच्या कडेकडेने, कुणाला दिसो न दिसो, त्या एसटी डेपोच्या रस्त्याला लागल्या.